राष्ट्राची स्वतःविषयीची कथा



परराष्ट्रधोरण परक्यांसाठी आखलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः राज्यसंस्था जगाला उद्देशून जे बोलते, ते तिचे नागरिकही ऐकत असतात. आणि ‘आपण कोण’ याचे उत्तर त्यातूनही घडत जाते. स्वतंत्र भारताची पहिली पंधरा वर्षे याची साक्ष देतात.

स्वातंत्र्यापूर्वीच, मार्च १९४७ मध्ये, दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली. एप्रिल १९५४ मध्ये चीनशी झालेल्या तिबेटविषयक करारात पंचशीलाची तत्त्वे नमूद झाली. पुढील वर्षी बांडुंग येथे २९ राष्ट्रे एकत्र आली. बुद्ध आणि गांधी यांचा वारसा सांगणारा, कोणत्याही गटाच्या दावणीला न बांधलेला शांततेचा पुरस्कर्ता, अशी ओळख या धोरणाने भारताला दिली. ‘हिंदी-चिनी भाई भाई’ ही घोषणा त्याच कथेचा लोकांच्या तोंडी रुळलेला उच्चार होता. फाळणीने विदीर्ण झालेल्या, साधनांनी दुबळ्या देशाला या कथेने आत्मविश्वास दिला, हे नाकारता येत नाही.

परंतु कथा जपण्याच्या ओघात वास्तव झाकले गेले. अक्साई चीनमधून चीनने बांधलेला रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला. १९५८ मध्ये भारत सरकारने त्याविषयी निषेध नोंदवला. संसदेला मात्र ही गोष्ट ऑगस्ट १९५९ मध्ये सांगण्यात आली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले, तेव्हा सीमेबरोबर त्या ओळखीलाही जखम झाली.

लगेच नवी कथा जन्मली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी मनात रुजले. प्रादेशिक अभिमान राष्ट्रीय कर्तव्याशी जोडला गेला. शांतिदूताच्या जागी सज्ज रक्षक उभा राहिला. पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल मात्र सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. अभिमानाचे वाक्य मुखोद्गत झाले. पराभवाची कारणे दप्तरात राहिली.

स्वतःविषयीच्या कथेवाचून राष्ट्राला चालत नाही, आणि विद्यालये ती कथा पुढच्या पिढीच्या हाती देतात. तिच्याबरोबर नकाशे, तारखा आणि दस्तऐवज देणे हेही त्यांचेच काम आहे. १९५९ साली संसदेत प्रश्न उपस्थित झाले, म्हणून सीमेविषयीच्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका देशासमोर आली. असे प्रश्न विचारणारे नागरिक ज्या शाळांतून घडतात, त्या शाळा सीमेचेही रक्षण करीत असतात.