बाळंतिणीच्या खोलीतली माणसं

(कॅलगरीतल्या मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान. श्रोत्यांचे प्रश्न मधूनमधून आले, ते होते तिथेच ठेवले आहेत.)

तुमच्या पत्रात विषय होता ‘स्त्रियांचं आरोग्य’. पत्राच्या शेवटी मात्र कुणीतरी लिहिलं होतं, की मंडळातल्या बऱ्याच मुलींची पहिली बाळंतपणं करोनाच्या काळात झाली आणि त्याबद्दल इथे कुणी फारसं बोलत नाही. ते वाचल्यावर विषय आपोआप ठरला. तुमच्यातल्या बहुतेकांना मी आज पहिल्यांदा भेटतेय, पण त्या काळात पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलींसारख्याच मुली समोर बसलेल्या दिसताहेत.

टाळेबंदी कशी होती, विमानं कधी थांबली, झूमवर डोहाळजेवणं कशी झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला एका वाक्याबद्दल बोलायचंय. ‘बाळंतिणीला नाहीतरी सव्वा महिना खोलीतच काढायचा असतो, मग साथीत वेगळं असं काय झालं?’ हे मी सासूबाईंकडून ऐकलं, नवऱ्यांकडून ऐकलं, चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांकडूनही ऐकलं. दर वेळी मला राग येतो.

ती सव्वा महिन्याची खोली आठवून बघा. सकाळी मालीशवाली बाई येणार. कढत पाण्याची अंघोळ, मग शेक, ओवा-शेपांची धुरी. आई अळिवाची खीर घेऊन उभी. दुपारी शेजारच्या काकू बाळंतविडा घेऊन येणार आणि तासभर बसणार. रात्री बाळ रडलं की आजी उचलून नेणार, म्हणजे मुलीला दोन तास सलग झोप. दार बंद होतं खरं, पण आत माणसांची ये-जा होती. आणि त्या मालीशवालीकडे नुसतं तेल नव्हतं. तिनं गावातल्या कितीतरी बाळंतिणी पाहिलेल्या. ‘दूध उतरेल गं, घाबरू नकोस’ हे तिनं म्हटलं की पटायचं. शिवाय एखादी मुलगी तेल लावताना गप्प गप्प रडते, बाळाकडे बघतच नाही, हे सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात यायचं. जाताना ती आईच्या कानावर घालायची, ‘ताई, हिच्याकडे जरा बघा.’

त्या खोलीचं मी गुणगान करत नाहीये. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेली माणसंही तिथेच असायची आणि कित्येकींचा जीव तिथे गुदमरलाय. पण साथीनं खोली तशीच ठेवली आणि त्यातली माणसं तेवढी काढून घेतली. मुलीकडे बघणारे डोळेच गेले. व्हिडिओ कॉलवर आई दिसायची, पण फोन उचलायच्या आधी मुलगी तोंड धुऊन यायची.

तुमच्याच शहरातल्या विद्यापीठानं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलगरीनं, २०२० च्या वसंतात कॅनडाभरच्या १,९८७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली. ३७ टक्के जणींत नैराश्याची आणि ५७ टक्के जणींत चिंतेची लक्षणं दखल घेण्याजोग्या प्रमाणात आढळली. लक्षणं म्हणजे निदान नाही, हे लक्षात ठेवा. पण याच पाहणीत हेही दिसलं, की जिला आपल्या पाठीशी माणसं आहेत असं वाटत होतं, जिला झोप मिळत होती, तिची लक्षणं कमी होती. मालीशवाली आणि आजी नेमकं हेच तर पुरवायच्या.

(प्रश्न : ‘आमच्या मुलीच्या वेळी आम्ही नाशिकहून निघूच शकलो नाही.’)

काका, एप्रिल २०२१ ना? २२ एप्रिलला कॅनडानं भारतातून येणारी थेट विमानं थांबवली, ती सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाली. तोच दुसऱ्या लाटेचा काळ. म्हणजे इथे नववा महिना लागलेली मुलगी नाशिकमध्ये आईला ऑक्सिजनचा पलंग मिळेल का, याची चौकशी करत होती. एरवी बाळंतपणात आईनं मुलीची काळजी करायची. ती उलटी फिरली, आणि ते ओझं घेऊन ती प्रसूतीला गेली. तिकडच्या मुलींचं वेगळं. भारतातल्या ११८ प्रसूतितज्ज्ञांना २०२० मध्ये विचारलं होतं, गरोदर बायकांना सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? सर्वांत पुढे होती ती दवाखान्यात जाण्याची भीती. जिथून धीर घेऊन यायचं, तिथेच पाऊल टाकायला भीती. लशीचंही तसंच. भारतात गरोदर स्त्रियांना ती खुली झाली जुलै २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरल्यावर. तोवर त्यांना नुसतं ‘जपा’ एवढंच सांगितलं जात होतं.

(प्रश्न : ‘गर्भसंस्कार म्हणतात. तिच्या काळजीचा बाळावर परिणाम झाला असेल का?’)

हा प्रश्न आया एकट्या असताना मला विचारतात, तुम्ही सगळ्यांसमोर विचारलात, बरं झालं. जानेवारी १९९८ मध्ये क्यूबेकमध्ये बर्फाचं वादळ झालं. काही घरं महिनाभराहून अधिक काळ विजेविना होती. सुझान किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दोन वर्षांच्या मुलांच्या भाषेत आणि समजेत फरक दिसला, पण तो प्रामुख्यानं प्रत्यक्ष हाल किती झाले त्याच्याशी जोडलेला होता. आई मनातून किती घाबरली होती, याच्याशी तो तसा जुळला नाही. शिवाय हे सरासरीचे फरक असतात, एकेका मुलाचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून गरोदर मुलीला ‘चांगले विचार कर’ असं बजावणं सोडा. तिच्या घरी डबा पोचवा, मोठ्या मुलाला दोन तास सांभाळा.

(प्रश्न : ‘आणि बाप?’)

त्यांनाही नैराश्य येतं. अनेक ठिकाणी त्यांना सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, गाडीत बसवून ठेवलं होतं. त्यावर वेगळं बोलायला हवं.

(प्रश्न : ‘मुलगा आता शाळेत जातो. आता सांगून काय उपयोग?’)

उपयोग आहे. पुढचं बाळंतपण असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना किंवा मिडवाइफला सांगा, की मागच्या वेळी मला फार जड गेलं होतं. मग त्या तुमच्यावर नीट लक्ष ठेवतील. एडिनबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ सालापासूनची. मागचे सात दिवस कसे गेले, एवढंच ती विचारते. भरायला पाच मिनिटं पुरतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तो टाळू नका आणि कुणी ‘हो’ म्हटलं तर तिला त्या दिवशी एकटी सोडू नका. इथे ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये बोलता येतं, मेसेजही करता येतो. मराठीत बोलायचं असेल, तर ते काम या सभागृहातल्या कुणालातरी करावं लागेल. अध्यक्षबाई, बाळंतिणीच्या घरी जाऊन तासभर बसायला तयार असलेल्या बायकांची नावं आजच, चहाच्या आधी, एका कागदावर लिहून घेता येतील का?