अल्प खर्चात बास गिटार : एक स्वानुभव

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस ‘निवृत्तीनंतरचे जीवन’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. परंतु मधुमेह, मृत्युपत्र व मनःशांती यांविषयी या व्यासपीठावरून पूर्वीच पुष्कळ सांगून झाले आहे, आणि त्यांत भर घालण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. म्हणून त्यांच्या अनुमतीने आम्ही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी जो एक उद्योग आरंभिला, त्याची हकीकत सांगणार आहोत. तो उद्योग म्हणजे बास गिटार शिकणे. मागील रांगेतील तरुण मंडळी हसत आहेत, त्यांनी खुशाल हसावे. आमच्या घरीही प्रथम तसेच झाले.

आम्ही पडलो मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करलेले प्राथमिक शिक्षक. संगीताचे आमचे भांडवल म्हणजे शाळेची प्रार्थना बसविण्यापुरती पेटी आणि मिरजेत राहत असल्यामुळे तंबोरे कानांवर पडण्याचे भाग्य. इ. स. २००५ साली आमचे चिरंजीव अकरावीत असताना त्यांनी हेच वाद्य मागितले होते. आम्ही विचारले, “चार तारांचे, नुसते धम् धम् करणारे ते वाद्य, त्यात गाणे तरी वाजते काय?” पैशांची अडचण खरीच होती, पण ती सांगण्याऐवजी आम्ही वाद्याचीच निंदा केली. त्याने पुन्हा मागितले नाही. आज तो पुण्यास अभियंता आहे आणि कोणतेही वाद्य वाजवीत नाही.

निवृत्तीनंतर घरातील कपाट आवरताना त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या वाद्याचे चित्र सापडले. खुंट्या, पडदे, सर्व मोजून काढलेले. ते पाहून आम्हांस बरे वाटले नाही, एवढेच येथे सांगतो.

आता वाद्याविषयी. पूर्वी पाश्चात्त्य वृंदांत खर्जासाठी माणसाच्या उंचीहून मोठे, उभे धरावयाचे डबल बास वापरीत. ते वाहून नेणे कठीण, इतर वाद्यांच्या गलबल्यात त्याचा आवाज दबे, आणि पडदे नसल्यामुळे सूर अचूक लावण्यास तयारीचा हात लागे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारे, गिटारीसारखे आडवे धरावयाचे व पडदे असलेले बास बाजारात आणले. सूर नेमका लागतो म्हणून त्याचे नावच ‘प्रिसिजन’ ठेवले. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतही हे वाद्य आले. ती जुनी गाणी आपण जन्मभर ऐकली, पण त्यांच्या तळाशी हे वाद्य आहे हे आमच्या कानांस कधी कळले नाही.

चार तारांचे स्वर इंग्रजीत ई, ए, डी, जी. पेटी वाजविणाऱ्यांनी पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच असे समजावे. जाड तार षड्ज मानली, तर तिच्या शेजारची तार शुद्ध मध्यमात असते. तिच्यापुढची पुन्हा तिच्या मध्यमात. एक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी, काळी-पांढरी सर्व धरून. जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर निघतो. दोन्ही मिळेपर्यंत खुंटी पिळावयाची. हे सारे आम्हांस कोणी सांगितले नाही. पेटी मांडीशी घेऊन शोधले, आणि शोधल्यामुळे पक्के झाले.

वाद्य आम्ही जुने घेतले, कोल्हापुरास एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून, साडेपाच हजारांस. जुने घेताना दांडी डोळ्याशी धरून तिरकी पाहावी, वाकलेली दिसते. थोडा बाक असेल तर दांडीच्या पोटातील पोलादी सळई किंचित फिरवून तो निघतो, पिळलेली दांडी मात्र घेऊ नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कोठे खरखरते ते ऐकावे. आम्ही एवढे सर्व केले आणि विजेची तार जोडण्याचे भोक तपासावयाचे मात्र विसरलो! घरी आणल्यावर आवाज येईना. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने डाग देऊन ते शंभर रुपयांत जोडून दिले. डोक्याकडील ज्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात, ती उंच होती. मिरजेतील एका तंतुवाद्याच्या कारागिराने कानशीने खाचा उतरवून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. “भोपळा नसलेलं वाद्य पहिल्यांदाच हातात आलं, गुरुजी,” एवढेच म्हणाले.

ध्वनिवर्धक पेटी आम्ही घेतलीच नाही. रात्री दांडीचे टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजविले, तर कपाटच घुमू लागते आणि शिकण्यापुरते स्पष्ट ऐकू येते. पुढे वाद्यास खोचावयाचे बोटभर यंत्र व हेडफोन घेतला. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. तारांचा नवा संच महाग असतो. जुन्या तारा काढून दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवाव्या व कोरड्या पुसाव्या. मळ निघून काही आठवडे त्या पुन्हा खणखणीत बोलतात. यासाठी स्वयंपाकघरातील पातेले विचारल्याशिवाय घेऊ नये, हा स्वानुभव आहे.

परंतु खरी अडचण पैशांची नव्हे. स्वतः शिकणाऱ्यास चूक दाखविणारे कोणी नसते. तीन महिने आम्ही तार दोन पडद्यांच्या मध्यभागी, सर्व बळ लावून दाबीत होतो. आवाज फाटका येई आणि डावे मनगट सुजले. बोट पडद्याच्या अगदी मागे लगटून ठेवले की निम्म्या जोराने काम होते, हे कळावयास एक सुजलेले मनगट खर्ची पडले. हात लहान असल्यास आरंभी पाचव्या पडद्यापासून वर वाजवावे. खालचे पडदे फार लांब लांब असतात. आणि भ्रमणध्वनीच्या उघड्या आवाजावर गाणे ऐकून बास शोधू नये. त्या चिमुकल्या कर्ण्यातून खर्ज बाहेरच येत नाही. आम्ही कितीतरी दिवस आपले कान गेले असे समजत होतो.

वाजवावयाचे काय, हेही थोडक्यात सांगतो. एक संथ गाणे घ्यावे, आणि प्रत्येक आवर्तनात समेवर मूळ स्वर, एवढेच वाजवावे. पुढे मधल्या मात्रेवर पंचम. यात कंटाळा येतो. पण समेवर नेमके येणे आणि एरवी गप्प राहणे, हेच या वाद्याचे काम आहे. आणि सदतीस वर्षे वर्गात बोलत राहिलेल्या माणसास ते गप्प राहणेच जड गेले. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन हे या वाद्याचे थोर वादक उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवीत, आणि तारा तुटल्याखेरीज सहसा बदलीत नसत. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्ग येथे घेतलेले बास सुमारे तीस पौंडांचे होते. फेंडरचे त्यांस परवडण्यासारखे नव्हते. त्या स्वस्त वाद्यावर पुढे काय झाले ते जगास ठाऊक आहे.

आमचा जमाखर्च वहीत मांडला आहे. वाद्य, डाग, यंत्र, हेडफोन मिळून आठ हजारांच्या आतच आहे. २००५ साली असे जुने वाद्य मिळाले असते की नाही, हे आता सांगता येत नाही. परंतु आम्ही शोध घेतला नव्हता, हे खरे.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांस फोन लावून, त्यांस हेडफोन घालावयास सांगून, आम्ही चार आवर्तने वाजवून दाखविली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “बाबा, ए तार थोडी उतरलीय.” आम्ही पेटीवर ताडून पाहिले. खरेच उतरली होती. खुंटी पिळली, तेव्हा म्हणाला, “अजून थोडी… हां. आता वाजवा.”

ज्ञातीतील ज्या मुलामुलींस हे वाद्य हाती धरून पाहावयाचे असेल, त्यांनी रविवारी सकाळी नऊनंतर आमच्या घरी यावे. पालकांनी वाद्यास काही म्हणावयाचे असल्यास ते मुलांदेखत म्हणू नये. हेडफोन एकच आहे, म्हणून दोघांनी एकदम येऊ नये, एवढी विनंती.