कपाटाचं कुलूप काढा!

(मालवण येथील सभेत एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण)



३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीच्या सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला. पण तो तोंडात असतानाच मनात आलं, ज्या ग्रंथांच्या जोरावर हा मान मिळाला ते ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी उघडून बघितलेत? हात वर करा म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी माझाही हात वर गेला नसता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. एकदा एका वाचनालयात ज्ञानेश्वरी मागितली. तिथल्या गृहस्थांनी माझ्या सदऱ्यावरचा कापूस पाहिला आणि म्हणाले, "तुम्हाला झेपायची नाही. रहस्यकथा न्या." मी मुकाट्यानं रहस्यकथा घेऊन आलो. राग त्यांचा आला नाही, स्वतःचा आला. कारण मलाही तसंच वाटत होतं.

मंडळी, हे वाटणं खोटं आहे! थोर ग्रंथ म्हणजे शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी लिहिलेले, असं आपल्या मनावर ठसवलंय. हकीकत काय आहे? ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशाला आधी सांगितली गेली, समोरच्या लोकांनी ऐकली. सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली, असं परंपरा सांगते. लीळाचरित्र कसं झालं? म्हाइंभट माणसामाणसाकडे जाऊन चक्रधरस्वामींच्या आठवणी विचारीत हिंडले, आणि लोक जसे बोलले तसं लिहीत गेले. तुकोबा तर देहूचे दुकानदार. म्हणजे आपले थोर ग्रंथ आधी बोलले गेले, मग कागदावर आले. बोललेलं ऐकायला कुठली पदवी लागते?

आपल्या मालवणी मुलखाला हे सांगायला नको. दशावतार बघायला रात्रभर बसणाऱ्या म्हाताऱ्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती. पण नटानं आयत्या वेळी रचलेलं भाषण पुराणाला सोडून गेलं, की हेच म्हातारे त्याला पकडीत. माझी आई सही करू शकत नव्हती. मी पुस्तक मिटलं की म्हणायची, "वाच रे झिला, माका ऐकाक येता."

तेव्हा आमच्या खोलीत आम्ही काय केलं ते सांगतो. मी एकट्यानं ज्ञानेश्वरी धरली, तेव्हा दहाव्या ओवीला सोडली. मग सहा जण बसलो. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हिशेब केला. ओव्या सुमारे ९,०००. रोज २५ वाचल्या तर ३६० रात्री, म्हणजे एक वर्ष. रात्रपाळी, खाडे, गणपतीची सुट्टी धरून आम्हाला दोन वर्षं लागली. दोघे मध्येच उठून गेले. चौघांनी पुरी केली.

अडलं नाही का? रोज अडलं. पण साच्यावर सूत तुटलं तर आपण काय करतो? साचा थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. सूत तुटतं म्हणून कोणी घरी जात नाही. शब्द अडला, अर्थ बघितला, पुढं गेलो.

पण माझं ऐकाल तर सुरुवात तिथून करू नका. जिना खालून चढतात. आधी आपल्यातल्या माणसांचं वाचा. अण्णा भाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसाची. मुंबईत गिरणीत राबले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारली, आणि १९५९ साली 'फकिरा' दिली. नारायण सुर्वे रस्त्यावर सापडलेलं पोर. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं ते उचलून घरी नेलं. त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ सालचा. आपल्या शिरोड्याला मास्तरकी करणाऱ्या खांडेकरांच्या 'ययाति'ला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. तेही वाचा. मग जोतीरावांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' घ्या, त्यानंतर तुकोबांची गाथा, आणि मग ज्ञानेश्वरी. तेरेखोलच्या पलीकडं गोव्यात फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. परदेशच्या पाद्र्याला आपली भाषा झेपली, आणि आपल्याला झेपणार नाही?

कोणी विचारील, वाचून पगार वाढतो काय? नाही वाढत. खोटं कशाला सांगू! पण आमच्या खोलीतल्या एका काकांनी समोर आलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि बारा वर्षांची नोकरी पाण्यात गेली. ज्याला एकेका ओवीवर थांबून "याचा अर्थ काय?" विचारायची सवय लागते, तो कराराच्या कलमावरही थांबतो. तिथं उतावळेपणा करीत नाही. ही सवय युनियनला हवी आहे.

१०६ हुतात्म्यांच्या रक्तानं १ मे १९६० रोजी हे राज्य झालं. त्यात गिरणी कामगार आघाडीवर होता. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेर राहिलं. तिकडं कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला गावकरी मराठी साहित्य संमेलनं भरवतात. सरकार आपलं नसताना त्यांनी भाषा धरून ठेवली. आपल्याकडं राज्य आहे, दर्जा आहे, आणि कपाटाला कुलूप!

म्हणून मागणं एकच. आज घरी गेल्यावर चार माणसं जमवा. एक पुस्तक आणा. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं ऐकावं. अडेल तिथं गाठ मारा आणि पुढं चला. आपल्या बापजाद्यांनी लढून मिळवलेली ही इस्टेट आहे. ती मोजून ताब्यात घ्या!

जय महाराष्ट्र!