नोंद नाही, म्हणून घडलेच नाही?

दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त पडू लागले, तर तो न्यूमोनिया असण्याचा धोका असतो. डॉक्टरला ही खूण पुरते. पण गडचिरोलीच्या खेड्यातल्या ज्या सुईणीला दहापर्यंतच मोजता येते, तिने काय करायचे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिच्यासाठी एक साधन बनवले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्यासोबत मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याच्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर उपचार लगेच सुरू. ज्याला दहापुढे मोजता येत नाही त्याच्या हाती मोजमाप देणारे हे साधन वैद्यकीय संशोधनातल्या मोठ्या शोधांच्या पंगतीला बसण्याच्या योग्यतेचे आहे.

गडचिरोलीत आधी प्रश्न होता तो न दिसणाऱ्या आजारांचा. दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची बंग दांपत्याने तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जगभरच्या आरोग्ययोजनांना धक्का बसला. दवाखान्याच्या वहीत रोगी नव्हते, कारण त्या स्त्रिया दवाखान्यापर्यंत कधी पोहोचल्याच नव्हत्या.

नवजात बाळांचे तेच. घरात जन्मलेले आणि चार दिवसांत घरातच गेलेले मूल कुठल्याच कागदावर येत नसे. म्हणून ‘सर्च’ने नोंदी दोन वाटांनी घेतल्या. गावातला कार्यकर्ता जन्म-मृत्यू टिपत राही आणि ठरावीक काळाने घरोघरी पाहणी होऊन त्या नोंदी ताडून पाहिल्या जात. मग ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना बाळाचे वजन, ऊब, श्वास आणि जंतुसंसर्गावरचे इंजेक्शनसुद्धा शिकवले. तुलनेसाठी ४७ गावे घेतली. तिसऱ्या वर्षी दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू आरोग्यदूतांच्या गावांत २५.५ होते, तर तुलनेच्या गावांत ५९.६. या प्रयोगावरचा निबंध १९९९चा. पुढे देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या गृहभेटी याच पायावर उभ्या राहिल्या. औषधे नवी नव्हती. नवे होते ते मोजणे, आणि ते कोणी करायचे याचे उत्तर.

अर्थशास्त्रात ‘नोंद नाही’ची जागा सरासरी घेते. सरासरी उत्पन्न वाढत असताना तळची माणसे त्या आकड्याखाली झाकली जातात. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे घेऊन सरळ प्रश्न विचारला: दिवसाला २,२५० कॅलरी पोटात जायला किती खर्च लागतो? १९६०-६१च्या किमतींनुसार उत्तर आले खेड्यात महिन्याला माणशी १५ रुपये, शहरात साडेबावीस. १९७१ साली त्यांचे ‘भारतातील दारिद्र्य’ प्रसिद्ध झाले, तेव्हा एवढेही न मिळणारी कोट्यवधी माणसे अशी स्पष्ट मोजली गेली. त्या रेषेवर वाद खूप झाले, अजूनही होतात. पण वाद घालायला रेषा तरी मिळाली.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला रेडिओ दुर्बीण बांधणाऱ्या अभियंत्यांपुढे नोंद घेण्याच्या साधनाचीच अडचण होती. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपायला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या हव्या होत्या आणि पैसा मोजका होता. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोरांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी ताणली. जाळीची भोके लहरींच्या लांबीपेक्षा फार लहान असल्याने लहर परावर्तित होते आणि वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा दाब घटला म्हणून सांगाडा हलका झाला, सांगाडा हलका म्हणून खर्च आवाक्यात आला. आता भोवतालची गडबड सांभाळायची. विजेच्या तारेवरची ठिणगी किंवा मोबाइलचा टॉवर खरा संकेत झाकून टाकू शकतो.

नोंद नसण्याचा अर्थ कसा लावायचा, याचा सर्वांत सुंदर धडा मात्र कोलारच्या सोन्याच्या खाणीत मिळाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन १९५०च्या दशकाच्या आरंभीच उपकरणे घेऊन खाणीत उतरले होते. वैश्विक किरणांतले म्युऑन कण खोलीगणिक किती कमी होतात, हे त्यांना मोजायचे होते. प्रत्येक पातळीवर आकडा घसरत गेला. साठीच्या दशकात पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरण सुमारे दोन महिने चालू ठेवले, तेव्हा एकही म्युऑन आला नाही.

हा शून्य संशोधकांनी विश्वासाने स्वीकारला, कारण वरच्या पातळ्यांवर त्याच पद्धतीने मिळालेले आकडे त्याच्यामागे उभे होते. गडचिरोलीच्या वहीतल्या शून्यामागे असे काहीच नव्हते. आणि कोलारचा शून्य ही तर संधी होती: जिथे वरून काहीच पोहोचत नाही, तिथे आडव्या दिशेने एखादा म्युऑन आला, तर तो भोवतालच्या खडकात न्यूट्रिनोने, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडणाऱ्या कणानेच घडवलेला असणार. १९६५ साली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर टाटा संस्था, ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या गटाला तसे कण सापडले. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचा तो पहिल्या दोन पुराव्यांपैकी एक. दुसरा त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतून आला.

कोलारचे प्रयोग १९९२च्या सुमारास थांबले. त्याच प्रकारच्या न्यूट्रिनोंवर जपानच्या सुपर-कामिओकांदेत काम झाले आणि त्याला २०१५चे नोबेल मिळाले. त्याच वर्षाच्या आरंभी भारत सरकारने तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा बांधायला मंजुरी दिली. पाणी आणि किरणोत्सर्गाची भीती, स्थानिकांचा विरोध आणि न्यायालयीन वाद यांत ती रखडली. न्यूट्रिनो प्रत्येकाच्या शरीरातून क्षणोक्षणी कोट्यवधींच्या संख्येने इजा न करता जातात. पण थेनीच्या शेतकऱ्याची धास्ती बोगद्याच्या सुरुंगांची आणि विहिरीच्या पाण्याचीही आहे. त्या विहिरींची पातळी आधीपासून, त्याच्याच गावातल्या माणसांकडून, वर्षानुवर्षे मोजून घ्यायला हवी. गावातल्याच माणसांनी मोजण्याचे काम गडचिरोलीत करून झालेले आहे.