टंचाई : एका शब्दाची हकीकत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मला भाषण येत नाही. परंतु अध्यक्षबाईंनी आग्रहच धरला, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांत वाचलेल्या एका शब्दाविषयी चार गोष्टी सांगते. शब्द आपल्या रोजच्या तोंडातला आहे : टंचाई.

माझे सासरे रेशनच्या दुकानात मापाडी होते. धान्याच्या आणि पाण्याच्या बातम्या कापून जुन्या खतावणीत चिकटवायचा त्यांना नाद. ते गेल्यावर सासूबाईंनी ती चोपडी बंबात घालायला काढली होती. मी मागून घेतली आणि दुपारची वाचू लागले. शेवटची पंधरा-वीस पाने माझ्या खळीची आहेत.

१९७२ सालाच्या आसपासची पाने पाहिली तर टंचाई आहे ती साखरेची, रॉकेलची, गोड्या तेलाची. आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या आधी एक शब्द आहे, 'कृत्रिम'. कृत्रिम टंचाई, म्हणजे कोणी तरी माल दडवला म्हणून झालेली. त्याच साली मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांची समिती उभी केली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणालताईंना तर लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. टंचाई कोणी केली, हे विचारायचे त्या बायकांना ठाऊक होते.

पुढच्या पानांवर आपल्या मोखाड्याची, जव्हारच्या पाड्यांची पाणीटंचाई येते. दर एप्रिल-मेमध्ये येते. आणि इथे वाक्ये कशी, तर टंचाई जाणवू लागली, भासू लागली, तीव्र झाली. जशी काही ही पाहुणीच! होळी झाली की आपल्या पायांनी यायची, मृग लागला की जायची. तिला कोणी आणले हे एकाही कात्रणात नाही. 'कृत्रिम' हा शब्द पाण्यापाशी येऊन गळाला तो गळालाच.

भगिनींनो, आपल्याकडे पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो. खाली कातळ आणि जमीन उताराची, म्हणून तो थांबत नाही, हे खरे. पण मोखाड्यातल्याच कोचाळ्याला वैतरणेवर मध्य वैतरणा धरण २०१२ साली बांधून झाले. त्यातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची सोय आहे. मुंबईच्या बायकांनी तहानलेले राहावे असे मी म्हणत नाही, आपलीही मुले तिकडे पोटाला गेली आहेत. माझे म्हणणे एवढेच की पाणी अडवता येते, दूरवर नेताही येते. मग पाड्यावर ते चढत नाही, त्याला टंचाई म्हणावे काय?

माझी मुलगी कॉलेजात जाते. तिने मला आणखी एक सांगितले, ते ऐकून मी थक्कच झाले. १९६३ साली आपल्या राज्याने एक कायदा केला, आणि तो कशाचा, तर बाकीच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकण्याचा. फॅमिन म्हणजे दुष्काळ. इंग्रजाच्या अमदानीत, १८९६ च्या दुष्काळात, 'केसरी'ने शेतकऱ्यांना सांगितले होते की सरकारचेच दुष्काळाचे नियम आहेत, त्यांप्रमाणे सवलत मागा. म्हणजे दुष्काळ म्हटले की मागायला तोंड होते. लोक आणि वर्तमानपत्रे पुढेही दुष्काळच म्हणत राहिली, १९७२ ची कात्रणे त्या शब्दाने भरलेली आहेत. कचेरीच्या कागदावर मात्र टंचाई बसली.

माझे माहेर मोखाड्याकडचा पाडा. उन्हाळ्यात पहाटे आई आणि मी ओहळात उतरायचो. वाळूत खड्डा खणायचा, झिरपेल तसे वाटीने हंड्यात भरायचे. दोन हंडे व्हायला सूर्य डोक्यावर यायचा. धाकटा भाऊ झाल्यावर आईची खेप माझ्याकडे आली आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. "पोरीला पाणी आहे," असे घरात म्हणत. टंचाई हा शब्द मी तेव्हा ऐकलाही नव्हता.

गेल्या फाल्गुनात तिथल्याच बायका माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. मी लिहिले, "पाड्याला पाणी मिळत नाही." कचेरीत अर्ज परत आला. कोणी सांगितले, ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचा टंचाईचा आराखडा असतो, त्यात नाव लागल्याशिवाय टँकर नाही. तेव्हा टंचाई असे लिहा. मग लिहिले. तहानेपुढे शब्दाचा हट्ट कोण धरणार? पण खाली एक ओळ मी वाढवली : "पाड्याखालच्या नदीला पाणी आहे. ते वर आणून द्यावे." तीवर एकवीस अंगठे आणि चार सह्या झाल्या.

टँकर आला, आठवड्यातून दोनदा. खालच्या ओळीचे उत्तर अजून आलेले नाही. आले म्हणजे चोपडीत चिकटवीन. पाने शिल्लक आहेत.