युरेनियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन

हायड्रोजनच्या परमाणूंत एकच इलेक्ट्रॉन असतो. युरेनियमच्या परमाणूंत ९२. यांपैकीं कोणाचा इलेक्ट्रॉन हिरावून घेणें अधिक अवघड? श्रोत्यांपैकीं बहुतेक जण युरेनियमचें नांव घेतील, कारण त्याच्या केंद्राचा धनभार ९२ पट आहे. परंतु हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडविण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि युरेनियमचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन अवघ्या ६.२ मध्यें सुटतो. भरगच्च सभेंत अगदीं मागें उभ्या असलेल्या माणसास वक्त्याचा शब्द जसा मधल्या गर्दीमुळें अस्पष्ट ऐकूं येतो, तसें मधल्या ९१ इलेक्ट्रॉनांमुळें केंद्राचें आकर्षण त्याच्यापर्यंत क्षीण होऊन पोंचतें.

एकेक इलेक्ट्रॉन काढीत गेलें कीं गर्दी विरळ होते व किंमत चढत जाते. शेवटच्या एकट्या इलेक्ट्रॉनाची किंमत तर सुमारें १,३२,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट! साधा हिशेब असा कीं, एकट्या इलेक्ट्रॉनाचें बंधन केंद्राच्या भाराच्या वर्गाप्रमाणें वाढतें. ९२ चा वर्ग ८,४६४, त्यास १३.६ नें गुणिलें तर सुमारें १,१५,००० येतात. मग वरचे १७,००० आले कोठून? इतक्या बलवान केंद्राजवळ इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशवेगाच्या दोन-तृतीयांशाइतका होतो. तेथें न्यूटनचे नियम पुरे पडत नाहींत, आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचाच आधार घ्यावा लागतो.

भट्टीच्या उष्णतेनें हें काम होण्यासारखें नाहीं. अमेरिकेंत बर्कले येथें युरेनियमचे अर्धवट सोललेले परमाणु प्रकाशाशीं स्पर्धा करणाऱ्या वेगानें धातूच्या पातळ पत्र्यांतून पार केले. त्या टकरींत उरलेले इलेक्ट्रॉन झडून गेले. हे निष्कर्ष १९८४ सालीं प्रसिद्ध झाले. १९९४ मध्यें लिव्हरमोर येथील शास्त्रज्ञांनीं उलट वाट धरिली. त्यांनीं परमाणु सापळ्यांत कोंडून ठेविले आणि त्यांवर सुमारें दोन लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या इलेक्ट्रॉनांचा झोत सोडिला. ही युक्ति अधिक देखणी म्हणावी लागेल. कांट्यानें कांटा काढावा तसा प्रकार!

एवढा खटाटोप कशासाठीं? आधुनिक सिद्धांताप्रमाणें पोकळीहि सर्वस्वीं रिती नसते. तिच्यामुळें इलेक्ट्रॉनाचें बंधन किंचित् सैल होतें. हायड्रोजनमध्यें हा फरक एका इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या सुमारें तीन लक्षांशांइतका, म्हणजे नगण्यच. जर्मनींत डार्मश्टाट येथें एकच इलेक्ट्रॉन ठेविलेल्या युरेनियमवर मापन झालें, व २००५ सालीं प्रसिद्ध झालेला आंकडा ४६० इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा होता. त्यांतील कांहीं भाग केंद्राच्या आकारमानाचा. निम्म्याहून अधिक मात्र पोकळीचा. गणिताशीं तो जुळला. तथापि मापनांत सुमारें पांच इलेक्ट्रॉन-व्होल्टांची अनिश्चितता उरली, आणि गणितांतील अनिश्चितता त्याहून पुष्कळच कमी होती.