‘स्टॉलवर्ट’ कोणाला म्हणावे?

अंगापिंडाने मजबूत माणसासाठी इंग्रजीत विशेषणांची वाण नाही. आडदांड देहाचा तो ‘बर्ली’, बुटका पण भरीव बांध्याचा तो ‘स्टॉकी’. ‘स्टॉलवर्ट’ही शब्दकोशांत धट्टाकट्टा, दणकट अशा अर्थाने याच पंगतीत बसतो. त्यामुळे एखाद्या पक्षाचा ‘स्टॉलवर्ट’ म्हटले की आपल्याला वाटते, शरीराचा गुण लक्षणेने निष्ठेला लावला असावा. माझ्या मते या शब्दात भरवसा आधी आला, दंडाचे बळ नंतर. ॲंग्लो-सॅक्सन बखरीत नवव्या शतकाच्या अखेरची एक नोंद आहे. आल्फ्रेड राजाच्या फौजेने कोंडी केल्यावर डेन लोक आपली जहाजे ली नदीत सोडून गेले. लंडनकरांनी त्यांतली हलवता न येणारी मोडून टाकली आणि जी कामाची होती ती लंडनला नेली. या कामाच्या जहाजांना बखरकाराने लावलेले विशेषण हेच ‘स्टॉलवर्ट’चे जुने रूप. तिथे कसोटी आकाराची नाही, उपयोगाची आहे. पुढे तो योद्ध्यांना लागला तेव्हा बळ आणि शौर्य त्यात एकत्र नांदू लागले. आजचे रूप स्कॉटिश वळणाचे. वॉल्टर स्कॉटच्या लेखनाने ते १९व्या शतकात रूढ झाले.

कोणी म्हणेल, हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आज कशाला उकरायचा? अर्थ ठरतो तो बोलणाऱ्यांच्या तोंडी. आक्षेप रास्त आहे, म्हणून अलीकडचा वापरच पाहू. १८८० साली शिकागोत अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. ग्रँट यांना तिसऱ्यांदा अध्यक्ष करायला निघालेला गट ‘स्टॉलवर्ट’ म्हणून ओळखला जाई. मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या, उमेदवारी गारफील्ड यांना मिळाली, तरी शेवटच्या फेरीतही ३०६ मते ग्रँट यांच्याच पदरात होती. हे नाव मिळाले ते न हलण्यामुळे. देहयष्टीचा इथे संबंधच नाही. उलट, ऐन वेळी पाठ दाखवणाऱ्या धिप्पाड माणसाला इंग्रज ‘बर्ली’ म्हणेल, ‘स्टॉलवर्ट’ म्हणायला त्याची जीभ अडखळेल. मात्र ज्या बाजूला चिकटून राहायचे ती बाजू चांगली की वाईट, याचा निवाडा हा शब्द करत नाही. १८८१ मध्ये गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या गिटोनेही स्वतःला ‘स्टॉलवर्ट’च म्हणवून घेतले होते. म्हणून मराठीत त्याला ‘दिग्गज’ म्हणणे मला पटत नाही. दिग्गज मोठेपण सांगतो, आणि मोठा माणूस पक्ष बदलूनही दिग्गजच राहतो. आपला ‘खंदा’ शब्द इथे चपखल बसतो. खंदा वीरही असतो आणि खंदा कार्यकर्ताही. त्याने साथ सोडली की ते विशेषण त्याच्याकडे राहत नाही.